टॉवरच्या लहरींवर भांडतो, जनरेटरच्या धुराचं विचारतच नाही

गावात टॉवर येणार म्हटलं की ग्रामसभेत पहिला शब्द निघतो तो रेडिएशन. कॅन्सर होतो, चिमण्या गेल्या, गाई आटल्या, पोरांचं डोकं दुखतं. या लोकांना अडाणी म्हणून गप्प बसवणारे मला अजिबात आवडत नाहीत. ज्याच्या कोठ्याला लागून लोखंडी सांगाडा उभा राहणार, त्याने विचारलंच पाहिजे. पण आपण विचारतो ते प्रश्न चुकीच्या जागी लागतात आणि खरा त्रास तसाच राहतो, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

टॉवरच्या बुडाशी राहणारा सर्वांत जास्त घाबरतो. लहरींचा हिशोब मात्र वेगळा आहे. वर जे उभे लांबट डबे दिसतात ते अँटेना. त्यांचा झोत जवळपास आडवा निघतो, काही अंशच खाली झुकवलेला असतो. टॉवर 40 मीटर उंच आणि झुकाव 6 अंश धरला, तर झोताचा मध्य जमिनीला टेकतो साधारण 380 मीटरवर. जागलीला गेल्यावर धुऱ्यावरून बॅटरी मारली की उजेड दूर पऱ्हाटीवर पडतो, पायाशी अंधारच राहतो. हे तसंच आहे.

आता आकडे. अँटेनाला 20 वॅट दिले आणि तिने ते एका दिशेला एकवटून पन्नासपट केले, तर त्या दिशेने 1,000 वॅट धरायचे. 100 मीटरवर ही ताकद तेवढ्या त्रिज्येच्या गोळ्याच्या पृष्ठभागावर, म्हणजे सव्वा लाख चौरस मीटरवर पसरते. भागाकार येतो चौरस मीटरला 0.008 वॅट. भारतात 1 सप्टेंबर 2012 पासून 900 मेगाहर्ट्झच्या बँडसाठी (बँड म्हणजे लहरींचा पट्टा) चौरस मीटरला 0.45 वॅट आणि 1800 साठी 0.9 वॅट अशी मर्यादा लागू झाली, म्हणजे आंतरराष्ट्रीय मर्यादेचा दहावा हिस्सा. एका टॉवरवर दोन-तीन कंपन्या आणि प्रत्येकीचे वेगवेगळे बँड असतात, तेव्हा बेरीज दहापट झाली असं समजा. तरीही आपण मर्यादेच्या आत आहोत.

पण हाच भागाकार 10 मीटरवर करून बघा. उत्तर 0.8 येतं, म्हणजे 900 ची मर्यादा ओलांडली. म्हणून तालुक्याच्या गावी एखाद्या दुमजली घराच्या गच्चीवर खांब उभा करून अँटेना लावली असेल आणि तिच्या बरोबर तोंडासमोर, त्याच उंचीवर, शेजाऱ्याची खिडकी किंवा गच्ची येत असेल, तर तिथे हरकत घ्या. जोरात घ्या. गावाबाहेर वावरात उभ्या असलेल्या उंच टॉवरबाबत हा मुद्दा टिकत नाही.

लहरींचीच काळजी असेल तर कानाला लागलेल्या फोनकडे बघा. तो डोक्यापासून एका बोटावर असतो आणि नेटवर्क जितकं कमजोर तितका तो जोर लावतो. 4जी फोन जास्तीत जास्त 200 मिलिवॅट टाकतो. जुना 2जी कीपॅड फोन 900 च्या बँडवर 2 वॅटपर्यंत जातो; आठातला एकच भाग वेळ तो बोलतो, म्हणून सरासरी पाव वॅट. टॉवर जवळ असेल तर हाच फोन याच्या कितीतरी पट कमी ताकदीवर काम भागवतो. मेळघाटात किंवा भामरागडकडे एकच कांडी दाखवत धडपडणारा फोन डोक्याला सर्वांत जास्त लहरी देतो. टॉवर गावापासून लांब हाकलला की प्रत्येक घरातला फोन जोर वाढवतो, हे कुणी ग्रामसभेत सांगत नाही.

तुमच्या घरात काय परिस्थिती आहे ते फोनच सांगतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंग, मग फोनविषयी, मग सिम स्टेटस उघडा. सिग्नलची ताकद उणे आकड्यात दिसेल. 4जी वर उणे 85 च्या आसपास असेल तर उत्तम, उणे 110 च्या खाली गेला तर फोन पूर्ण ताकदीवर असण्याची शक्यता मोठी. टिनाच्या खोलीत हा आकडा घसरतो. तेव्हा लांब बोलायचं असेल तर अंगणात या, स्पीकर किंवा वायरचा इअरफोन लावा, रात्री फोन उशीखाली ठेवू नका. *#07# दाबून सार (SAR) मूल्य, म्हणजे फोनच्या लहरींची किती ताकद अंगात मुरते त्याचं माप, बघता येतं, आपल्याकडे मर्यादा किलोला 1.6 वॅट आहे. फक्त ती चाचणी पूर्ण ताकदीवर घेतलेली असते, त्यामुळे कमी सारचा फोन कमजोर नेटवर्कात वापरण्यापेक्षा सिग्नल चांगला असणं जास्त कामाचं.

कॅन्सरचं काय? 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओ लहरींना 2ब गटात टाकलं, म्हणजे शक्यता आहे पण पुरावा तोकडा. 2018 च्या अमेरिकन प्रयोगात नर उंदरांच्या हृदयात गाठी दिसल्या. त्यांना रोज 9 तास, दोन वर्षं, अख्ख्या अंगावर लहरी दिल्या होत्या, आपल्या टॉवरच्या लहरींपेक्षा फार तीव्र. 2024 मध्ये 63 अभ्यासांचा आढावा निघाला, त्यात फोनचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध दिसला नाही. लहरींना 2ब मध्ये टाकणाऱ्या त्याच कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये डिझेलच्या धुराला गट 1 मध्ये टाकलं आहे. गट 1 म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध.

आता टॉवरच्या बुडाशी बघा. तिथे अनेकदा डिझेल जनरेटर असतो. लाइन गेली की तो सुरू होतो आणि आपल्याकडे उन्हाळ्यात लाइन किती जाते ते सांगायला नको. लहरींवर तासभर वाद घालणारी ग्रामसभा या धुराबद्दल चकार शब्द काढत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

15 केव्हीएच्या (केव्हीए म्हणजे जनरेटरच्या ताकदीचं माप) जनरेटरची चिमणी तो ज्या इमारतीजवळ आहे तिच्या उंचीपेक्षा किमान पाऊण मीटर वर हवी. अनेकदा ती कमरेएवढ्या उंचीवर, थेट शेजारच्या अंगणाकडे तोंड करून असते. आवाजाची मर्यादा 1 मीटरवर 75 डेसिबल. मोकळ्यात 10 मीटरवर तो 55 पर्यंत उतरतो, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 आहे. म्हणजे जनरेटर नियमात असला तरी दहा मीटरवरच्या घरात झोप मोडते. करार होण्याआधीच जनरेटर कोणत्या बाजूला बसणार ते नकाशावर ठरवून घ्या. बॅटरी बँक मोठी लावा, म्हणजे जनरेटर कमी चालतो, अशी अट ठरावात घाला.

दुसरं अर्थिंग. टॉवरवर वीज पडणारच, ती जमिनीत नीट उतरली पाहिजे. आपली काळी माती पावसाळ्यात ओली असते तोवर ठीक. मे महिन्यात तिला भेगा पडतात, ती पुरलेल्या सळईपासून सुटते आणि वीज उतरायला अडथळा वाढतो. मग पहिल्या वळवाच्या विजेला आजूबाजूच्या घरांतले टीव्ही आणि विहिरीवरच्या मोटारी जळू शकतात. टॉवरच्या पायापासून अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत धातूची पट्टी सलग आहे का, मधूनच कापून चोरीला गेली आहे का, हे डोळ्यांनी दिसतं. खड्ड्यात पाणी कोण आणि कधी टाकतो, अर्थिंगची मोजणी पावसाळ्याआधी होते का, हे लेखी मागा.

एवढं करूनही लहरींची शंका राहिली तर मोजून घ्या. दूरसंचार विभागाचं तरंग संचार नावाचं पोर्टल 2017 पासून आहे. तिथे आपल्या भागातले टॉवर दिसतात आणि मोजणीची मागणी करता येते. सुरुवातीला शुल्क 4,000 रुपये ठेवलं होतं, भरण्याआधी आताचा आकडा बघून घ्या आणि ग्रामपंचायतीनेच भरावं असा ठराव करा. मोजणीच्या वेळी हजर राहता येतं, तेव्हा दोघांनी तरी जा. मोजमाप संध्याकाळी घ्यायला सांगा, कारण तेव्हा फोनचा वापर जास्त असतो. अँटेनाच्या तोंडासमोर येणारं घर तुम्हीच दाखवा. अहवालात त्या टॉवरवरच्या सगळ्या कंपन्यांची बेरीज धरली आहे का ते तपासा, आणि प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.