दोन मिनिटांचं काम

"अरे, तारीख तर बदलायची आहे, दोन मिनिटांचं काम!" आमच्या साहेबांचं हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. आणि आठवड्यातून तीनदा ऐकावं लागतं!

इंदूरमधली आमची पाच जणांची स्टार्टअप, खाण्याच्या दुकानांसाठी बिलिंगचं ॲप बनवतो. सराफ्यात दिवसा सोनं-चांदी, आणि रात्री खाऊगल्ली, तीही मध्यरात्र उलटून गेली तरी गजबजलेली. रात्री 1 वाजता विकलेल्या गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) प्लेटची नोंद सर्व्हरवर आदल्या दिवशीची 19:30 अशी पडते, कारण सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आणि आपण साडेपाच तास पुढे. म्हणजे पहाटे 5:30 पर्यंतची सगळी बिलं कालच्या तारखेची! बिलावर खरी तारीखच हवी. पण दुकानदाराचा दिवस बारा वाजता संपत नाही, शटर ओढल्यावर संपतो. त्याला गल्ला तसाच जुळलेला हवा. म्हणजे एका बिलाला दोन तारखा. मग रिपोर्ट बदला, जुनी बिलं दुरुस्त करा, सगळं पुन्हा तपासा. एक आकडा चुकला तर बिचारा दुकानदार रात्री दोनला पोऱ्यावर संशय घेणार.

हे मी फळ्यावर काढून दाखवलंय. दोनदा.

काल पुन्हा संध्याकाळी सातला तेच, वर "ग्राहकाला उद्या देतो म्हणालोय." घरी आई पानं मांडून बसली होती. अहो, शब्द देण्याआधी एकदा विचारा तरी मला!