जुन्या जीपमध्ये "कुठलंही इंजिन बसतं" हा मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

गेले काही महिने एक मेसेज जीपवाल्यांमध्ये फिरतोय, मला स्वतःला तो सहा-सात जणांकडून आला आणि त्यातल्या दोघांनी त्यावर भरवसा ठेवून कामाला सुरुवातपण केलीये, म्हणून हे लिहायला बसलो. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मेसेज म्हणतो, जुन्या महिंद्रा जीपचं इंजिन गेलं की ते बांधत (म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्त करत) बसू नका, पार्ट मिळत नाहीत, पैसे पाण्यात जातात. कुठलंही इंजिन बसतं, टोयोटा क्वालिसचं २एल डिझेल इंजिन मार्केटमधून चालू बघून गिअरबॉक्ससकट उचला, साठ हजारात दोन दिवसांत बसतं. ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) काढून टाका, कोण वापरतंय फोर-व्हील. ताकद वाढते, ॲव्हरेज वाढतं. आणि चासी नंबर तोच राहत असल्यामुळे आरटीओचा प्रश्नच येत नाही, फारच वाटलं तर जुना इंजिन नंबर नवीन ब्लॉकवर पंच करून घ्या. एवढंच आहे त्यात.

आमच्याकडे १९९३ ची एमएम ५४० (महिंद्राची डिझेल जीप) आहे, वडिलांनी घेतलेली, आणि २०१४ साली आम्ही जवळजवळ शब्दशः हेच केलं होतं. त्यामुळे एकेक मुद्दा घेऊन बोलतो.

पहिला मुद्दा, इंजिन गेलं की ते बांधणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी "गेलं" म्हणजे नक्की काय झालंय ते तर बघा ना. गाडी गरम झाली, पांढरा धूर आला, रेडिएटरमध्ये बुडबुडे यायला लागले, ऑइल चहासारखं झालं, की बरेच मेकॅनिक लगेच सांगतात इंजिन संपलं. ही सगळी हेड गॅस्केट (ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) उडाल्याची किंवा हेडला क्रॅक गेल्याची लक्षणं असू शकतात, आणि हेड उतरवून फेसिंग करून (म्हणजे त्याचा तळ सपाट करून), प्रेशर टेस्ट करून परत बसवणं हे काम वेगळं आणि अख्खं इंजिन बांधणं वेगळं. कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडरचे आकडे घ्या, ते एकमेकांच्या जवळ आहेत का बघा, एखादाच खाली असेल तर का आहे ते शोधा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर खाली असतील तर पहिला संशय त्या दोघांच्या मधल्या गॅस्केटवर जातो. ऑइल भरायचं झाकण उघडून बॅक कॉम्प्रेशन (पिस्टनच्या बाजूने खाली गळणारा वायू) किती मारतंय ते बघा. ऑइल प्रेशर गरम इंजिनवर बघा, थंडवर नाही. हे सगळं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आणि खरंच बोअर झिजला असेल, क्रँकवर रेघा पडल्या असतील, तरी ही इंजिनं बांधण्यासाठीच केलेली आहेत हो. लायनर-पिस्टनचा सेट बदलता येतो, क्रँक ग्राईंड करून ०.२५ किंवा ०.५० मिमी अंडरसाईज बेअरिंग टाकता येतात. आमच्या जीपमधलं एक्सडीपी ४.९० हे मूळचं फ्रेंच प्यूजो कंपनीचं डिझाईन, २११२ सीसी, महिंद्रा ते परवान्यावर इथे बनवायची. हळू, शांत, पण चिवट इंजिन आहे ते. आमच्या एमएमचं इंजिन २०१४ मध्ये "संपलं" म्हणून काढलं आणि गोठ्याच्या बाजूला ताडपत्री टाकून ठेवलं. चार वर्षांनी उघडलं तेव्हा हेड वाकलेलं निघालं, गॅस्केट दोन सिलिंडरच्या मध्ये जळलेली, आणि बाकी बोअर, क्रँक सगळं मापात. आधी उघडून बघितलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं, हे मला अजून लागतं.

हां, मेसेजमध्ये एक गोष्ट खरी आहे ती मान्य करतो. प्यूजोचे पार्ट पूर्वीसारखे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत, चांगलं हेड शोधायला महिने जातात. ब्लॉकच फुटला असेल, रॉड बाहेर आला असेल, तर दुसरं इंजिन टाकावंच लागतं, त्याला माझा विरोध नाहीये. जीपचा आपल्याकडचा इतिहासच इंजिन बदलण्याचा आहे, महिंद्राने स्वतः आधी हरिकेन पेट्रोल इंजिन दिलं, मग प्यूजो आलं, मग स्वतःचं २५२३ सीसीचं डीआय आलं. पण कंपनीने दर वेळी बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं खोकं), फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते माउंट), रेडिएटर, सगळं जुळवून केलं. म्हणून म्हणतो, बदलायचंच असेल तर पहिली पसंती तेच इंजिन, ते नाहीच मिळालं तर त्याच घराण्यातलं, म्हणजे महिंद्राच्याच जीपमध्ये कंपनीने दिलेलं, ज्याचे ब्रॅकेट आणि हाउसिंग तयार मिळतात. (अर्थात तेवढ्यानेही कागदाचा प्रश्न सुटत नाही, त्यावर खाली येतो.)

आता दुसरा मुद्दा, जो सगळ्यात जास्त नुकसान करतो. गिअरबॉक्ससकट बसवा, ट्रान्सफर केस काढून टाका.

ज्याने हे लिहिलंय त्याने जीपच्या खाली कधी झोपून बघितलंय का मला शंका आहे. जीपमध्ये ट्रान्सफर केस गिअरबॉक्सच्या पाठीला थेट बोल्टने बसलेली असते. क्वालिस आपल्याकडे फक्त टू-व्हील ड्राईव्ह आली, त्यामुळे तिच्या गिअरबॉक्सच्या शेपटीला जीपची ट्रान्सफर केस बसायला जागाच नाहीये. तो गिअरबॉक्स टाकलात की फोर-व्हील गेलं आणि लो गिअरपण (चढणीसाठीचा हळू पण जोराचा गिअर) गेला, दोन्ही एकदम. बरं, तेवढ्यावर थांबत नाही. विलीजच्या (मूळ अमेरिकन जीपच्या) घराण्यातल्या या जीपांची स्पीडोमीटरची केबल निघते ट्रान्सफर केसमधून. हँडब्रेकचा ड्रम असतो ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावर. म्हणजे ट्रान्सफर केस काढली की मीटर बंद आणि हँडब्रेक गायब! आमची जीप चार वर्षं दगड लावून उभी केलीये आम्ही, उतारावर, घरात लहान मुलं असताना. आज आठवलं तरी पोटात गोळा येतो.

आणि अजून एक, हे तर कोणी सांगतच नाही. या जीपांचं मागच्या एक्सलचं हाउसिंग मध्यावर नसतं, क्राऊन-पिनियनचा गोळा उजवीकडे सरकलेला असतो, कारण ट्रान्सफर केसचा शाफ्ट उजवीकडून बाहेर पडतो. सरळ मागे बघा, दिसेल. क्वालिसच्या गिअरबॉक्सचं तोंड मात्र मध्यावर. मग प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या एक्सलला ताकद नेणारा दांडा) तिरका जातो, वरून खाली तर जातोच पण डावीकडून उजवीकडेपण जातो, आणि ९१ इंचाच्या व्हीलबेसमध्ये लांब गिअरबॉक्स घातल्यावर शाफ्ट उरतो आखूड, त्यामुळे कोन अजून वाढतो. परिणाम काय तर ठराविक स्पीडला अख्खी गाडी थरथरते आणि क्रॉस (शाफ्टच्या टोकाचे सांधे) टिकत नाहीत. आमच्याकडे वर्षात तीन वेळा क्रॉस बदलले, प्रत्येक वेळी गॅरेजवाला म्हणायचा क्रॉसच हलक्या कंपनीचा होता.

ज्यांना दुसरं इंजिन टाकायचंच आहे त्यांनी निदान जीपचा स्वतःचा गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस ठेवा आणि मध्ये अडॅप्टर प्लेट (इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना जुळवणारी जाड प्लेट) घाला. पण ती प्लेट पण चांगल्या लेथवाल्याकडून, डायल गेज लावून सेंटर केलेली पाहिजे. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एका रेषेत नसेल तर क्लच सोडताना गाडी धडधडते, पायलट बेअरिंग ओरडायला लागतं आणि मग इनपुटचं बेअरिंग जातं, आणि तुम्ही बसता क्लच प्लेट बदलत. गॅस कटरने कापून, ग्राइंडर मारून, दोन बोल्ट वेल्ड करून "बसवलं" म्हणतात ते बसवणं नव्हे.

दोन दिवसांत होतं म्हणे. इंजिन दोन दिवसांत आत जातं हे खरं आहे, पण आत जाणं आणि बसणं यात महिनाभराचं अंतर आहे. चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) बघा आधी. क्वालिसला पुढे सलग एक्सल नाही, जीपला आहे, आणि तो पाट्यांवर (पट्ट्यांच्या स्प्रिंगवर) वर-खाली होतो. उभ्या गाडीत चेंबर आणि एक्सलमध्ये दोन बोटं जागा दिसली म्हणून खूश होऊ नका, खड्ड्यात एक चाक वर आलं की तीच जागा शून्य होते आणि चेंबरला पोचा पडतो. त्यासाठी जॅकवर एकेक चाक पूर्ण वर दाबून बघायला लागतं. मग रेडिएटर, फॅन आणि काऊल (फॅनभोवतीचं कडं), घाटात दुसऱ्या गिअरला तासाला पंधरा-वीसने चढताना वारा लागत नाही तेव्हा सगळी भिस्त फॅनवर असते, आणि फॅन रेडिएटरच्या मध्यावर आला नसेल किंवा काऊलच काढून टाकलं असेल (बहुतेक वेळा जागा नाही म्हणून काढतात) तर सपाटीवर मस्त चालणारी गाडी वरंधा घाटात अर्ध्यात उकळते. आमची तिथेच उकळली, मे महिन्यात. पेट्रोल जीपमध्ये डिझेल टाकणाऱ्यांना तर अजून कामं, डिझेलची रिटर्न लाईन ओढायला लागते, इंजिन स्टार्ट करायच्या हीटरची वायरिंग, पुढे वजन वाढतं म्हणून पाटे, आणि ब्रेकला बूस्टर असेल तर त्याला व्हॅक्यूम कुठून देणार ते, कारण डिझेलच्या मॅनिफोल्डला पेट्रोलसारखा व्हॅक्यूम नसतो, अल्टरनेटरच्या मागचा पंप लागतो. तो पाईप जोडायचा राहिला तर ब्रेकवर उभं राहिलं तरी गाडी लवकर थांबत नाही.

साठ हजाराचं बोलायचं तर आमचा शेवटचा हिशोब त्याच्या दुपटीच्या वर गेला, आणि त्यात क्रॉस धरलेले नाहीत.

ताकद वाढते हा मुद्दा. क्वालिसचं इंजिन २४४६ सीसी, ७५ हॉर्सपॉवर, चांगलं इंजिन आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत मला. पण चढावर चाकाला जोर मिळतो तो नुसता इंजिनातून नाही मिळत, गिअरने गुणून मिळतो. जीपच्या ट्रान्सफर केसचा लो गिअर २.४६ चा आहे, म्हणजे लो टाकला की तेच इंजिन चाकावर जवळपास अडीचपट जोर देतं. आता सांगा, २११२ सीसीच्या जागी २४४६ सीसी टाकून आणि हा अडीचपट गुणाकार फेकून देऊन ताकद वाढली की कमी झाली? आमच्या शेताकडे जाणारी जी चढण वडील प्यूजोवर, लो फर्स्टला, ॲक्सिलरेटरला पाय न लावता चढायचे, तिथे नवीन इंजिन क्लच जाळत चढायचं आणि पावसात तर चढायचंच नाही. हायवेवर पळायची जास्त, हे खरं. पण चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली, आखूड, उंच गाडी जास्त पळवून करायचं काय? ॲव्हरेजमध्ये आम्हाला फरक जाणवला नाही, पुढे चला.

मेसेजमध्ये "मार्केटमधून चालू इंजिन उचला" असंपण आहे. कुर्ल्याला काय किंवा दिल्लीच्या मायापुरीला काय, तिथे इंजिन स्टार्ट करून दाखवतात तेव्हा बहुतेक वेळा ते आधीच गरम केलेलं असतं. हात लावून बघा, गरम असेल तर उद्या सकाळी येतो म्हणा आणि थंड असताना स्टार्ट करायला लावा. कॉम्प्रेशन तिथेच मोजा. २एल ला टायमिंग बेल्ट असतो, चेन नाही, आणि आधीच्या मालकाने तो कधी बदलला कोणाला माहीत, त्यामुळे गाडीत टाकण्याआधी बेल्ट आणि टेन्शनर नवीन, यात काटकसर नको. आणि पक्कं बिल, त्यावर इंजिन नंबर, आणि ते कुठल्या गाडीचं आहे त्याचे कागद. नसतील देत तर घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी.

यावरून शेवटचा मुद्दा. आरटीओचा प्रश्न येत नाही म्हणे.

येतो. आरसीवर चासी नंबरच्या शेजारी इंजिन नंबर छापलेला असतो तो उगाच नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अजून स्पष्ट करून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ नव्याने लिहिलं गेलं, त्यात बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. तेच मेक, तेच मॉडेलचं इंजिन टाकायचं असेल तर आधी अर्ज करा, परवानगी घ्या, बिल जोडा, तपासणी होऊ द्या आणि नवीन नंबर आरसीवर चढवून घ्या, हा सरळ रस्ता आहे. दुसऱ्या कंपनीचं इंजिन टाकून तो रस्ता मिळेल असं समजू नका. आणि अपघात झाला तर विम्याचा क्लेम अडवायला कारण तुम्हीच हातात दिलेलं असतं, समोरचा माणूस जखमी असेल तर काय करणार?

खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांनी आणि मग दर पाच वर्षांनी रिन्यू करायला लागतं, गाडी समोर नेऊन. आमची २०१८ ला नेली, साहेबांनी बॉनेट उघडायला लावलं, नंबर जुळला नाही, गाडी परत. त्यांची काही चूक नव्हती, नियमाने वागले. त्यानंतरच ताडपत्रीखालचं जुनं इंजिन उघडलं, हेड फेस केलं, गॅस्केट टाकली, वडिलांच्या एका मित्राकडे पडलेला त्याच मॉडेलचा गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस मिळाली (आमची स्वतःची तोपर्यंत वजनावर गेली होती) आणि गाडी मूळ नंबरावर पास झाली.

नंबर पंच करण्याचा सल्ला जो कोणी देतोय त्याला माझी हात जोडून विनंती आहे, ती ओळ तरी काढून टाक. चोरीच्या गाड्यांवर हेच करतात. फाइल मारलेला ब्लॉक तपासणाऱ्याला लगेच ओळखू येतो, आणि मग तुम्ही हौशी जीपवाले आहात की चोर हे तुम्हाला पोलीस स्टेशनात बसून पटवून द्यावं लागतं. ज्या दोघांनी काम सुरू केलंय त्यातल्या एकाला मी थांबवलं, त्याचं प्यूजो अजून उघडायचंय, पण पाण्यात ऑइल आहे म्हणजे बहुतेक हेडच असणार. तेव्हा कोणाच्या शेडमध्ये एक्सडीपी ४.९० चं हेड पडून असेल, क्रॅक नसलेलं, तर भंगारवाल्याला वजनावर देऊ नका, आधी मला कळवा.