उजनीकाठच्या सायकल सहलीला मिळालेले दोन स्टार आणि आमचं उत्तर

नमस्कार सर,

जानेवारीतल्या आमच्या भिगवण-पळसदेव सहलीबद्दल तुम्ही सविस्तर लिहिलंत. तुमचं म्हणणं असं: जाहिरातीत ‘शांत ग्रामीण रस्ते’ आणि प्रत्यक्षात गाणी लावून जाणारे उसाचे ट्रॅक्टर. ‘जलाशयाच्या काठाने’ म्हणायचं आणि निम्मा वेळ दोन्ही बाजूंना उसाच्या भिंती. फ्लेमिंगो मोजके, तेही लांब. पाणी हिरवं. दोनदा पंक्चर, सपाट रस्त्यावर दमछाक आणि पाण्यातलं देऊळ दिसलंच नाही. शेवटी ‘ही सरळसरळ फसवणूक आहे, पैसे परत करा.’ जायचं की नाही हे ठरवायला बाकीचे लोकही हे वाचतात, म्हणून इथेच उत्तर देतो.

आधी उसाचं बोलू, कारण तुमची अर्धी तक्रार उसाचीच आहे. हा सगळा पट्टा पूर्वी ज्वारी-बाजरीचा, कोरडवाहू. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं, जुनं पळसदेव आणि आजूबाजूची गावं पाण्याखाली गेली, माणसं वर सरकली. मग काठावर पाणी उपसायच्या मोटारी बसल्या, पाइपलाइनी निघाल्या आणि ऊस आला. जे पाणी बघायला तुम्ही शंभर किलोमीटरवरून आलात, त्याच पाण्यावर तो ऊस उभा आहे. कारखान्यांचा गाळप हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतो. स्थलांतरित पक्षी यायचे महिनेही तेच. पक्षी आहेत आणि ट्रॅक्टर नाहीत असा महिना आमच्याकडच्या कॅलेंडरात अजून छापलेला नाही. बुकिंग झाल्यावर व्हॉट्सॲपवर जो माहितीचा कागद पाठवतो, त्यातही ‘हंगामात ऊसवाहतूक असते’ हे वाक्य ठळक अक्षरात आहे.

आता त्या ट्रॅक्टरबद्दल. कुंभारगावच्या अलीकडे पाणंदीतून डबल ट्रॉली बाहेर पडत होती, तेव्हा सहलीबरोबर असलेल्या आमच्या पोराने शिट्टी मारून सगळ्यांना रस्त्याखाली उतरवलं. तुम्ही लिहिलंय, ‘विनाकारण पाच मिनिटं उभं केलं.’ कारण होतं. ट्रॅक्टर वळतो तेव्हा पुढची ट्रॉली त्याच्यामागून येते, पण मागची आतल्या बाजूने कापत येते आणि नेमकी जिथे सायकलवाला पाय टेकून उभा असतो तिथूनच जाते. ड्रायव्हरला ती दिसत नाही. वर बांधलेल्या मोळ्या कडेला हातभर बाहेर आलेल्या असतात. हे आम्ही दर हंगामात बघतो, म्हणून शिट्टी. गाण्यांचं म्हणाल तर कारखान्याच्या गेटवर रात्रभर नंबर लावून परत आलेल्या माणसाला जागं राहायला काहीतरी लागतंच. मलाही ती गाणी आवडत नाहीत, पण तो झोपलेला असण्यापेक्षा स्पीकर वाजलेला परवडला.

त्याच्या मागून दोन बैलगाड्या गेल्या, त्या बहुतेक तुम्ही पाहिल्या नसाव्यात, मोबाइल चार्ज करत होतात. ऊसतोडीची टोळी होती. बैलांच्या गळ्यात घुंगरं, मोळ्यांच्या वर एक बाई बसलेली, मांडीवर झोपलेलं पोर आणि शेजारी बैलांसाठी बांधलेले वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे. आमच्याबरोबरच्या मॅडमनी हात केला, तिनेही केला. आमच्या सहलीत ‘ग्रामीण’ म्हणतात ते हे. हायवेपासून आम्ही तुम्हाला लांब ठेवतो, तो फक्त ओलांडावा लागतो तिथेच लागतो. पण आतले रस्ते शेतकऱ्यांचे आहेत. आपण तिथे पाहुणे आहोत, वाट आपणच द्यायची.

उसाच्या भिंतींचं: खरंय, आडसाली, म्हणजे दीड वर्षाचा, ऊस माणसाच्या दुप्पट उंच होतो आणि पाणी झाकतो. जो फड तुटला तिथून जलाशय एकदम उघडा पडतो. तुमच्या पुढच्या आठवड्यातल्या गटाला डाळजकडे जाताना तोच रस्ता मोकळा मिळाला. कुठला फड कधी तुटणार हे कारखान्याची तोड ठरवते. ती कधी येणार हे खुद्द शेतकऱ्याला कळत नाही, मग मला कुठून कळणार?

फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित. त्यांना गुडघाभर पाणी आणि चिखल लागतो. उजनीची क्षमता जवळपास ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला अर्ध्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे वापराच्या पातळीखालचं पाणी. पाऊस चांगला झाला की धरण भरतं आणि जानेवारीत पाणी काठाला लागून असतं, चिखल उघडाच पडत नाही. कालव्याला नि नदीला पाणी सुटत गेलं की पातळी उतरते, मग रोहितांचे थवे जवळ येतात. आमच्याकडचे लोक ‘उजनी प्लसमध्ये आहे का मायनसमध्ये’, म्हणजे पाणी मृतसाठ्याच्या वर आहे का खाली, असं विचारतात, पक्षी बघणाऱ्यांनीही तेच विचारावं. यंदा धरण भरलेलं आहे, रोहित उशिरा येतील, हे बुकिंगच्या फोनवर मी स्वतः बोललो होतो.

बोट पक्ष्यांपासून लांबच थांबवली ही तक्रार मात्र मला मान्यच नाही. जवळ गेलं की थवा उडतो, फोटो झकास येतो आणि त्या पक्ष्यांचं चरणं मोडतं. आमचे नाववाले इंजिन बंद करून वल्ह्यावर जातात आणि ठरावीक अंतरावर थांबतात. हे बदलणार नाही. बाकी तुमच्या रिव्ह्यूला जोडलेल्या तिसऱ्या फोटोखाली ‘फक्त बगळे’ लिहिलंय, ते चित्रबलाक आहेत. पिवळी चोच आणि शेपटीकडची गुलाबी पिसं नीट बघा. जवळच्या भादलवाडीच्या तलावावर त्यांची वीण होते. आणि नाश्त्याच्या वेळी डोक्यावरून ओरडत गेले ते पट्टकदंब, हिमालय ओलांडून आलेले. पैसे वसूल व्हायला आणखी काय पाहिजे, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

हिरवं पाणी. सर, तुम्ही पुण्याहून आलात, पाणीही तिकडूनच येतं. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी नद्यांमधून भीमेत आणि भीमेतून इथे. त्यावर शेवाळ माजतं. याचा राग आम्हालाही आहे, आमचे मच्छीमार तर रोज त्यात हात घालतात. पण दोन स्टार आमच्या नावावर कशाला?

पंक्चर: दोन्ही वेळा तुम्ही रस्ता सोडून सेल्फीसाठी काठावर उतरला होतात. तिथे वेडी बाभूळ आहे आणि पावसाळ्यानंतर वाळलेले सराटे. सराट्याचा काटा कसाही पडला तरी एक टोक वरच असतं. आमच्या पोराने टायरच्या आतून फडकं फिरवलं, ते जिथे अडकलं तिथला काटा पक्कडीने काढला आणि मगच ट्यूब घातली. म्हणून तर मागचं चाक पुन्हा बसलं नाही. दुसऱ्यांदा गेलं ते पुढचं.

दमछाक वाऱ्याची. थंडीत इथे वारा बहुतेक पूर्वेकडून येतो आणि ऊन वर आलं की जोर धरतो. म्हणून आम्ही साडेसहाला निघून वारा पडलेला असताना पूर्वेला जातो आणि येताना तोच वारा पाठीवर घेतो. तुमची खोली साडेआठला उघडली. सुट्टीत झोपावंसं वाटतं, त्यात काही गैर नाही. मागे टेम्पो होता, पोराने दोनदा विचारलं, तुम्ही नको म्हणालात.

पाण्यातलं देऊळ, म्हणजे पळसनाथाचं जुनं देऊळ, जलाशय बराच उतरल्यावर, साधारण उन्हाळ्यात उघडं पडतं. आमच्या पानावरच्या त्या फोटोखाली ‘मे महिना’ लिहिलेलं आहे.

ज्यांना ट्रॅक्टर अजिबात नकोत त्यांनी ऑगस्ट-सप्टेंबरात यावं. ऊस उभा असतो, कारखाने बंद, रस्ते ओले आणि खरोखर रिकामे, धरण चढत असतं. परदेशी पाहुणे पक्षी नसतात, हुरडाही नसतो. पण मासे असतात, आणि मासे न खाणाऱ्यांना शेंगोळे आणि ठेचा. तेव्हा दरही कमी असतो.

राहिले पैसे. परत करणार नाही. तुम्ही भरलेल्या रकमेतला मोठा हिस्सा राहण्या-जेवणाचा होता, तो ज्या घरी उतरलात त्यांना त्याच दिवशी रोख दिला. नाववाल्याचे वेगळे दिले. त्यांनी ठरलं तसं सगळं केलं, भाकरी दुसऱ्यांदा गरम करून वाढली, त्यांच्याकडून मी काही मागून घेणार नाही. दोन स्टार राहू द्या, ते तुमचं मत आहे. फसवणुकीचा आरोप तेवढा काढून टाका, कारण तो माझ्यापेक्षा त्या घराला जास्त लागतो. तिथली मुलगी हे रिव्ह्यू वाचून आईला सांगते.