‘सेशन स्वस्त असतं’ या वाक्यावरच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया आली त्याच दिवशी वाचली. उत्तराला चार दिवस लागले, कारण त्यातला एक आक्षेप मला स्वतः करून बघायचा होता.

नंतर येणाऱ्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी सांगतो. जेएमएस (जावा मेसेज सर्व्हिस, म्हणजे जावा प्रोग्रॅमने मेसेज पाठवायचा-घ्यायचा ठरलेला इंटरफेस) यावरच्या माझ्या लेखात एक वाक्य होतं: ‘कनेक्शन महाग, सेशन स्वस्त, कनेक्शन एकच ठेवा आणि सेशन्स लागतील तेवढी उघडा.’ (कनेक्शन म्हणजे मेसेज सांभाळणाऱ्या सर्व्हरशी, म्हणजे ब्रोकरशी, केलेली जोडणी; सेशन म्हणजे त्या कनेक्शनवर मेसेज पाठवायचा-घ्यायचा एक स्वतंत्र संदर्भ.) ते वाचून तुमच्या टीममधल्या एकाने आयबीएम एमक्यू या ब्रोकरवर एका कनेक्शनखाली ५०० सेशन्स उघडली. पहिला पॉड (अ‍ॅप्लिकेशनची एक चालती प्रत) चालला, दुसरा वर येताना क्यू मॅनेजरने, म्हणजे एमक्यूच्या सर्व्हरने, दार लावून घेतलं. मग माझ्याच लेखातला पूल (कनेक्शन आणि सेशन्स उघडी ठेवून पुन्हा वापरायची सोय) तुम्ही अ‍ॅक्टिव्हएमक्यू या दुसऱ्या ब्रोकरवरच्या वेगळ्या अ‍ॅप्लिकेशनला लावलात, तर तिथे मेसेज अडकायला लागले. शेवटी वैतागून तुम्ही पूल काढून टाकलात. आता प्रत्येक मेसेजला नवं कनेक्शन उघडता आणि लगेच बंद करता. आणि एका मॉड्यूलमध्ये एकच सेशन लॉक लावून सगळ्या थ्रेडना वाटून दिलंय. ‘असले सल्ले प्रॉडक्शनमध्ये टिकत नाहीत,’ असं तुमचं शेवटचं वाक्य.

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. ‘लागतील तेवढी उघडा’ हे मी लिहायला नको होतं. मी लिहिताना अ‍ॅक्टिव्हएमक्यू डोळ्यांसमोर ठेवलं होतं आणि ते लेखात कुठेही सांगितलं नव्हतं. अ‍ॅक्टिव्हएमक्यूमध्ये एका कनेक्शनमागे एक टीसीपी सॉकेट असतं आणि त्याखालची सगळी सेशन्स त्याच सॉकेटवरून ये-जा करतात. आयबीएम एमक्यूमध्ये तसं नाही. तिथे जेएमएस कनेक्शन क्यू मॅनेजरशी स्वतःची एक जोडणी करतं, आणि त्याखालचं प्रत्येक सेशन आणखी एक. अशा किती जोडण्या एका चॅनेल इन्स्टन्सवर (प्रत्यक्ष नेटवर्क कनेक्शनवर) बसवायच्या, हे चॅनेलवरचं शेअरसीएनव्ही हे सेटिंग ठरवतं. त्याचं डिफॉल्ट मूल्य १०.

आता तुमचा आकडा घेऊ. ५०० सेशन्स आणि एक कनेक्शन मिळून ५०१ जोडण्या. एका इन्स्टन्सवर दहा धरल्या तर ५१ इन्स्टन्स. दोन पॉडचे झाले १०२. आणि क्यूएम डॉट आयएनआय या क्यू मॅनेजरच्या सेटिंगच्या फाइलला कोणी हात लावला नसेल, तर मॅक्सचॅनेल्स (एकूण चॅनेल इन्स्टन्सची मर्यादा) १०० असतं. दुसरा पॉड नेमका का अडला, ते एवढ्यात आलं. क्यू मॅनेजरचा एरर लॉग जुना मिळत असेल तर त्या वेळेचा एएमक्यू९५१३ (चॅनेलची कमाल संख्या गाठल्याचा एरर) शोधा, बहुधा तोच सापडेल. मी घरच्या मशीनवर सेशन्स वाढवत नेऊन हेच करून पाहिलं. चार दिवसांतला बराचसा वेळ त्यात गेला.

लेखातलं वाक्य आता असं बदललंय: सेशन्स कामाच्या थ्रेडइतकीच ठेवा आणि तुमचा ब्रोकर एका सेशनमागे काय खर्च करतो ते आधी बघा. थ्रेड वीस असतील तर ५०० सेशन्स कुठल्याच ब्रोकरवर नकोत, स्वस्त असली तरी नकोत.

पण लॉक लावून वाटलेल्या सेशनबद्दल मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही, आणि तुमच्या प्रतिक्रियेत मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती याच एका ओळीची. कारण बाकीचे बिघाड लॉगमध्ये ओरडून सांगतात. हा सांगत नाही.

जेएमएसने कनेक्शन अनेक थ्रेडना एकाच वेळी वापरायची मुभा दिली आहे. सेशनला दिलेली नाही. तुम्ही म्हणता, ‘सिंक्रोनाइझ्ड केलं की झालं, एका वेळी एकच थ्रेड आत.’ सेशन म्हणजे नुसती मेसेज पाठवायची नळी असती, तर हे चाललं असतं. पण सेशन ही ट्रान्झॅक्शनची हद्द आहे. कमिट (काम पक्कं करणं) आणि रोलबॅक (मागे घेणं) सेशनवर होतात; तुमच्या थ्रेडला किंवा तुमच्या मेसेजला तिथे ओळख नाही.

समजा, पहिल्या थ्रेडला दोन मेसेज पाठवायचेत: खात्यातून रक्कम वजा करायचा एक आणि लेजरमध्ये नोंद करायचा दुसरा. त्याने पहिला पाठवला, लॉक सोडला, आणि दुसऱ्यासाठी डेटाबेसमधून काहीतरी वाचायला गेला. तेवढ्यात दुसऱ्या थ्रेडने लॉक घेतला, आपला मेसेज पाठवला आणि कमिट केलं. त्या कमिटबरोबर पहिल्याचा अर्धवट मेसेजही गेला. आता पहिल्याचं डेटाबेसमध्ये फसलं आणि त्याने रोलबॅक केला, तर परत घ्यायला सेशनमध्ये काही उरलेलंच नाही. रक्कम वजा, नोंद नाही, आणि लॉगमध्ये एकही एक्सेप्शन नाही. प्रत्येक कॉलला लॉक होता, तरीही. लॉक पहिल्या सेंडपासून कमिटपर्यंत धरून ठेवला तरच हे टळेल. पण मग वीस थ्रेड एकामागून एक रांगेत उभे, आणि मल्टिथ्रेडिंग कशासाठी केलं हा प्रश्न राहतो.

ट्रान्झॅक्शन वापरत नाही, क्लायंट अ‍ॅकनॉलेज वापरतो, असं तुम्ही म्हणाल तर तिथेही तेच. एका मेसेजवर अ‍ॅकनॉलेज बोलावलं की त्या सेशनने तोवर घेतलेले सगळे मेसेज पोचल्याचं धरलं जातं. दुसऱ्या थ्रेडच्या हातातला, अजून न हाताळलेला मेसेजसुद्धा. पॉड त्या क्षणी मेला तर तो मेसेज पुन्हा येत नाही.

म्हणून एका थ्रेडला एक सेशन. कृपा करून ते मॉड्यूल आधी बदला, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

(ओघात आलं म्हणून सांगतो. २०१३मधल्या जेएमएस २.०ने जेएमएसकॉन्टेक्स्ट आणला आणि कनेक्शन व सेशन एकाच वस्तूत गुंडाळलं. कोड छोटा झाला, पण नव्याने शिकणाऱ्याला आपण यातलं नक्की काय उघडतोय ते दिसेनासं झालं. फॅक्टरीवरून कॉन्टेक्स्ट घेतला की नवं कनेक्शन उघडतं. आधीच्या कॉन्टेक्स्टवरून घेतला की त्याच कनेक्शनवर नवं सेशन मिळतं. रिव्ह्यू करताना माझी नजर आधी तिकडे जाते.)

आता अडकलेले मेसेज. हे आम्हीही भोगलंय. एका ग्राहकाकडून रात्री नऊच्या सुमारास फोन आला की ऑर्डरी पुढे सरकत नाहीत. अ‍ॅक्टिव्हएमक्यूचा कन्सोल उघडला: पेंडिंग २१२, कन्झ्युमर (मेसेज घेणारे) ४, आणि डीक्यूचा, म्हणजे क्यूतून बाहेर पडलेल्या मेसेजचा, आकडा जागेवर थिजलेला. चार कन्झ्युमर जिवंत, अ‍ॅप्लिकेशनच्या लॉगमध्ये चूक नाही, ब्रोकर निवांत. कोणीतरी अ‍ॅप्लिकेशन रीस्टार्ट केलं आणि २१२च्या २१२ ऑर्डरी धडाधड निघाल्या. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

रीस्टार्टने सुटतं हाच धागा होता. आम्ही स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कची कॅशिंगकनेक्शनफॅक्टरी वापरत होतो. ती कनेक्शन एकच ठेवते आणि सेशन्स जपून ठेवते, पण त्याचबरोबर डिफॉल्टने कन्झ्युमरही जपून ठेवते. कोडने रिसीव्ह करून क्लोज म्हटलं, तरी तो कन्झ्युमर खरा बंद होत नाही. कॅशमध्ये जाऊन बसतो. ब्रोकरच्या लेखी तो हजरच. आणि अ‍ॅक्टिव्हएमक्यू क्यूवरच्या प्रत्येक कन्झ्युमरला डिफॉल्टने १००० मेसेज आगाऊ देऊन ठेवतं. म्हणजे ब्रोकरने २१२ ऑर्डरी अशा एका कन्झ्युमरच्या ओंजळीत टाकल्या होत्या, ज्याच्याकडे त्या वेळी कोणी मागायलाच जात नव्हतं. प्रोसेस बंद झाली की कनेक्शन तुटतं, मेसेज क्यूत परत येतात, नव्या कन्झ्युमरला मिळतात. कन्सोलमध्ये एकेका कन्झ्युमरपुढे किती मेसेज दिलेले आहेत तो रकाना असतो. तो आम्ही पहिल्या रात्रीच बघायला हवा होता.

तुमच्याकडेही हेच असावं, कारण रीस्टार्टनंतर सुरळीत होतं असं तुम्हीच लिहिलंय. तेव्हा पूल काढणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. कन्झ्युमर कॅश करणं बंद करा, सेशन्स राहू द्या. प्रीफेच (आगाऊ दिल्या जाणाऱ्या मेसेजची संख्या) १ केला तरी एखादा मेसेज अडकू शकतो. ० केला तर कन्झ्युमर मागेल तेव्हाच मिळतो. आणि सतत ऐकत बसायचं काम असेल, तर स्प्रिंगच्या टेम्प्लेटने रिसीव्ह करण्यापेक्षा लिसनर कंटेनर (मेसेज आला की तुमचा कोड बोलावणारा घटक) वापरा आणि त्याला त्याचं कॅशिंग त्याचं त्याला करू द्या. थ्रेड कमी-जास्त करणाऱ्या कंटेनरला कॅशिंगकनेक्शनफॅक्टरी जोडू नका, हे स्प्रिंगच्या स्वतःच्या कागदपत्रांतही आहे.

मेसेजगणिक कनेक्शन उघडण्याबद्दल. टीसीपी, त्यावर टीएलएस, मग लॉगिनची पडताळणी, मग सेशन, मग प्रोड्यूसर, आणि एवढं करून एक मेसेज. कमी वर्दळीत हे खपून जातं, म्हणून सध्या तुम्हाला ठीक वाटतंय. लिनक्सवर बाहेर जाणाऱ्या कनेक्शनसाठी डिफॉल्टने ३२७६८ ते ६०९९९ एवढी पोर्ट्स असतात, म्हणजे २८,२३२. बंद करणाऱ्या बाजूचं पोर्ट ६० सेकंद टाइम-वेटमध्ये अडकून पडतं. भागाकार केला तर एका मशीनवरून एका ब्रोकरच्या एका पोर्टकडे सेकंदाला सुमारे ४७० कनेक्शन्स, त्यापुढे भिंत. शिवाय तात्पुरत्या क्यूवर उत्तर मागवायचा प्रकार असेल तर तो मोडतोच, कारण तात्पुरती क्यू कनेक्शनबरोबर मरते.

तुमचं खरं दुखणं मला तुमच्याच प्रतिक्रियेतल्या वेगळ्या वाक्यात दिसतं: ‘रात्रभर शांत असलं की सकाळचा पहिला मेसेज लटकतो.’ मधली फायरवॉल निवांत कनेक्शन कोणालाही न कळवता विसरते आणि दोन्ही टोकांना ते जिवंतच वाटतं. लिनक्सचा टीसीपी कीपअलाइव्ह डिफॉल्टने ७२०० सेकंदांनी जागा होतो, त्याच्या भरवशावर राहू नका. हार्टबीट (आपण जिवंत आहोत हे ठरावीक वेळाने सांगणारे छोटे संदेश) हवेत. रॅबिटएमक्यू हा आणखी एक ब्रोकर ६० सेकंद सुचवतो, अ‍ॅक्टिव्हएमक्यू ३० सेकंदांची शांतता सहन करतं, आयबीएम एमक्यूचं एचबीइंट (दोन हार्टबीटमधलं अंतर) मात्र ३०० सेकंद असतं. तुमच्या नेटवर्क टीमला फायरवॉलची मुदत विचारा आणि एचबीइंट तिच्या निम्म्यावर आणा. पॉड आणि क्यू मॅनेजर दोन्हीकडे. वाटाघाटीत दोन्हींपैकी मोठा आकडा ठरतो.

यात एक मेख आहे. क्लायंटच्या चॅनेलवर शेअरसीएनव्ही शून्य असेल, तर हे हार्टबीट दोन्ही बाजूंनी हवे तेव्हा जात नाहीत. मेसेजची वाट बघत थांबलेल्या गेट कॉलपुरतेच (क्यूतून मेसेज मागणाऱ्या कॉलपुरतेच) जातात. जुन्या चॅनेलच्या व्याख्या वर्षानुवर्षं पुढे ढकलत आणलेल्या असतात, त्यात हे शून्य सापडतं. तेव्हा तुमच्या अ‍ॅडमिनला डिस्प्ले चॅनेल कमांड चालवायला सांगा आणि शेअरसीएनव्ही किती आहे ते इथेच कळवा. ते शून्य किंवा १ निघालं, तर वरच्या हिशेबातले ५१ इन्स्टन्स थेट ५०१ होतात, आणि मग तुमचा पहिला पॉड तरी कसा वर आला हे आपल्याला मॅक्सचॅनेल्सपासून पुन्हा बघावं लागेल.