‘रद्दबातल’ म्हणा आणि मोकळे व्हा

कुणाचे पैसे बुडवायचेत? वकिलाची फी वाचवा. फक्त एक शब्द पाठ करा: रद्दबातल. शब्द मोठा गुणाचा. ‘रद्द’ अरबी, ‘बातल’ही अरबी. एकदा उडवून समाधान झालं नाही म्हणून आपण दोनदा उडवलं. ‘बातल’वर जरा जोर द्या, समोरचा निम्मा गार.

शून्य (म्हणजे मुळातच रद्दबातल) आणि शून्यकरणीय (म्हणजे रद्द करता येण्याजोगा) यांत फरक करत बसू नका. तो 1872 च्या करार कायद्याला करू द्या. अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, मुलाने केलेला करार मुळातच शून्य, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजी अमलातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, मोहरी बीबीच्या खटल्यात 1903 सालीच सांगून टाकलंय. फसवून सही घेतलेला करार मात्र शून्यकरणीय. तो मोडायचा की पाळायचा, हे फसलेल्याने ठरवायचं. फसवणारे तुम्ही असाल तर हे शेवटचं वाक्य वाचलंच नाही असं समजा.

सोसायटीचा ठराव आवडला नाही? रद्दबातल.

आता मुख्य धडा. हा मला आमच्या घरमालक काकांनी गेल्या महिन्यात फुकट शिकवला. फुकट म्हणजे साठ हजारांत. घर सोडलं, चाव्या दिल्या, डिपॉझिट मागितलं. काका म्हणाले, “अहो, करार नोंदवलाय कुठे? म्हणजे तो रद्दबातल. रद्दबातल करारातलं डिपॉझिट कसलं?” दोन वर्षांपूर्वी मी नोंदणीसाठी मागे लागलो होतो, तेव्हा “कशाला उगाच खर्च, तुम्ही घरच्यासारखे” म्हणणारे हेच काका. तेव्हा तुम्हीही असंच करा: आधी नोंदणी टाळा, मग नोंदणी नाही म्हणून गळा काढा.

आणि करार कायद्याच्या कलम 65 चं नाव कुणाला काढू देऊ नका. करार शून्य असल्याचं उघड झालं, तर त्यातून ज्याने जे घेतलं ते त्याने परत करायचं, असं ते कलम सांगतं. म्हणजे रद्दबातल म्हटल्यावर पैसे पचत नाहीत, उलट ओकावे लागतात! मुळात इथे करार रद्दबातल झालाय कुठे? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 वाचा. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं, खोटं असेल तर घरमालकाने सिद्ध करायचं. शिवाय घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भाडेकरूला नाही, काका, घरमालकाला!

बास झाली सल्ल्याची नाटकं. लाज कशी वाटत नाही हो? चोवीस महिने एक तारखेला भाडं मोजून घेतलंत, तेव्हा करार जिवंत होता. आणि परवा फोनवर वर ऐकवलंत, “रंगाचे आठ हजार वेगळे द्यावे लागतील, करारात लिहिलंय.”

कुठल्या करारात, काका?