बुथा-बुथेच्या बाजारात पुरुष नुसते उभे का असतात?

चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेल्या लेसोथो या छोट्या डोंगरी देशातल्या बुथा-बुथे गावच्या बाजारावर मी लिहिलं, त्यावर तुम्ही बरीच मोठी आणि बरीच कडक प्रतिक्रिया दिलीत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: भर दुपारी धडधाकट पुरुष ब्लँकेटं पांघरून टॅक्सी स्टँडवर नुसते उभे असतात, कष्ट सगळे बायका करतात, पिठाच्या गोणीपासून कोबीपर्यंत सगळं दक्षिण आफ्रिकेतून येतं, आणि मी मात्र 'या आळसाला संस्कृतीचं गोंडस नाव' दिलं. आपल्या भारतीयांनी तिथे जाऊन दुकानं काढून दाखवली, मग स्थानिकांना का जमलं नाही, असंही तुम्ही विचारलंत. तुम्ही जोहान्सबर्गला नोकरी केली आहे, त्या गावावरून गाडीने गेला आहात, त्यामुळे जे पाहिलं तेच लिहिलंत यात मला शंका नाही. पण 'आळस' हा शब्द मी तसाच जाऊ देणार नाही.

पिठापासूनच सुरुवात करू. बाजारात मक्याच्या पिठाच्या गोणी रचलेल्या असतात आणि त्या पलीकडून येतात, हे खरंच आहे. पण हे 'पलीकडे' म्हणजे कुठे? गावापासून थोड्या अंतरावर कॅलेडन्सपूर्टचा सीमानाका लागतो, खाली कॅलेडन नदी, जिला बासोथो, म्हणजे लेसोथोचे लोक, मोहोकारे म्हणतात. नदी ओलांडली की दक्षिण आफ्रिकेच्या फ्री स्टेट प्रांतातली सपाट, काळजीपूर्वक नांगरलेली शेतं सुरू होतात. ती जमीन पूर्वी बासोथोंच्या वहिवाटीत होती. गावाला ज्या डोंगराचं नाव आहे त्याच डोंगरावर बासोथोंचा राजा मोश्वेश्वे याचं पहिलं ठाणं होतं. १८२४ मध्ये तो तिथून थाबा बोसियू या डोंगरी किल्ल्यावर गेला आणि विस्कटलेल्या टोळ्या जमवून त्याने एक राष्ट्र उभं केलं. पुढे बोअर लोकांशी, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्या शेतकऱ्यांशी, १८५८ मध्ये आणि मग १८६५ पासून लढाया झाल्या, त्यात पिकं जाळली गेली, गुरं पळवली गेली. १८६८ मध्ये मोश्वेश्वेने ब्रिटिशांचं संरक्षण घेतलं तेव्हा राज्य वाचलं, पण पुढच्याच वर्षी अलिवाल नॉर्थच्या करारात मोहोकारे ही सीमा ठरली आणि पश्चिमेकडची कसदार जमीन कायमची गेली. आज लेसोथोत लागवडीजोगी जमीन जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास आहे. तीही उताराची, पावसाने घळी पडलेली, गारपीट आणि कडाक्याच्या थंडीच्या तोंडी असलेली. तेव्हा ज्या गोणीकडे बोट दाखवून तुम्ही 'यांना स्वतःचं धान्यही पिकवता येत नाही' म्हणता, तिच्यातला मका कित्येकदा त्यांच्या पणजोबांच्या जमिनीतला असतो. तो ते विकत घेतात.

आणि पिकवता येत नव्हतं असंही नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीला हिरे सापडले तेव्हा, म्हणजे १८७० च्या दशकात, तिथल्या खाणकामगारांना गहू आणि ज्वारी पुरवणाऱ्यांत बासोथो शेतकरी आघाडीवर होते. बैलगाड्या भरभरून धान्य जायचं. १८८५ मध्ये रेल्वे किंबर्लीला पोचली, समुद्रापलीकडचं स्वस्त धान्य आलं आणि हा धंदा बसला. झोपडीमागे कर मात्र रोख भरावा लागायचा, आणि रोख पैसा मिळायचा तो खाणीत. त्या उभ्या असलेल्या पुरुषांची गोष्ट खरी तिथे सुरू होते.

१९९० च्या आसपास दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत सव्वा लाखाच्या घरात बासोथो पुरुष काम करत होते. तेव्हाची देशाची लोकसंख्या वीस लाखांपेक्षाही कमी! म्हणजे जवळजवळ प्रत्येक वाडीतला कर्ता माणूस वर्षातले बहुतेक महिने जमिनीखाली. १९७४ च्या कायद्याने त्यांच्या पगाराचा मोठा हिस्सा लेसोथोतल्या बँकेत जमा व्हायचा आणि गावी आल्यावरच हातात पडायचा. मग सोन्याच्या खाणी तोट्यात जायला लागल्या, कपात सुरू झाली आणि माणसं घरी आली, कित्येक जण फुप्फुसात सिलिकाची धूळ घेऊन. सिलिकोसिस आणि क्षय झालेल्या खाणकामगारांच्या दाव्यात जोहान्सबर्गच्या न्यायालयाने २०१९ मध्ये पाच अब्ज रँडच्या तडजोडीला मान्यता दिली. भरपाईच्या हक्कदारांत लेसोथोचे कामगारही आहेत. ज्या शहरात तुम्ही राहिलात ते शहर या माणसांनी खणलेल्या सोन्यावर उभं आहे. त्यांना आळशी म्हणायचं?

आता प्रत्यक्ष टॅक्सी स्टँडवर या. तिथे उभी असलेली बरीच माणसं रिकामी नसतातच. वर डोंगरातल्या मोखोत्लोंगकडे जाणारी व्हॅन भरल्याशिवाय सुटत नाही, आणि ती भरायला दुपार होते. पुढे मोतेंगची खिंड आहे, २८०० मीटरच्या वर. थंडीत तिथे बर्फ पडतं. मी एका माणसाशेजारी बराच वेळ उभा होतो. गुडघ्यापर्यंत गमबूट, खांद्यावर मोठ्या पिनेने अडकवलेलं लोकरीचं ब्लँकेट, त्यावर मक्याच्या कणसाची नक्षी आणि पट्टे उभे येतील असं नेसलेलं. काखेत मेंढ्यांना पाजायच्या जंतनाशकाची बाटली, कागदात गुंडाळलेल्या दोन बिजागऱ्या आणि शाळेची एक वही. एवढ्या खरेदीसाठी तो पहाटे निघाला होता. हे ब्लँकेट हजार मालोतीच्या (लेसोथोचं चलन) वर जातं, पाऊस झेलतं, घोड्यावर बसल्यावर पाय झाकतं. ते पांघरून माणूस लग्नालाही जातो आणि गुरांमागेही.

डोंगरातल्या माणसाचं रोख उत्पन्न म्हणजे मेरिनो मेंढीची लोकर आणि अंगोरा बोकडाचं मोहेर, म्हणजे त्याचे मऊ केस. २०१८ मध्ये सरकारने नियम काढला की ती देशातल्या देशातच, ठरवून दिलेल्या ठिकाणी विकायची. पैसे महिनोन्महिने अडकले आणि २०१९ मध्ये मेंढपाळ मोर्चा घेऊन राजधानी मासेरूत उतरले. आळशी माणसं एवढ्या लांबून मोर्चाला येत नाहीत.

बायका जास्त राबतात, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे आणि ते मला महत्त्वाचं वाटतं. स्टँडच्या कोपऱ्यावर एक बाई माक्वेन्या तळते. तुम्ही म्हणता ते 'तळलेले गोळे' हेच. मैद्याचं आंबवलेलं पीठ ती ओल्या मुठीतून दाबून अंगठ्याने तोडते आणि काळ्या कढईत सोडते. एका वेळी सात-आठ, आणि फुगले की तारेच्या काडीने उलटते. एका हाताने हे चालू, दुसऱ्या हातात मोबाइल, कारण बरेच पैसे एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सेवेवर, येतात. पलीकडे घरी केलेल्या ज्वारीच्या बिअरसाठी पांढरं निशाण लावलेलं, तीही बाईच विकते. नवरे खाणीत होते त्या सगळ्या वर्षांत शेत, घर, म्हातारी माणसं या बायकांनीच सांभाळली. आणि कायद्याने? लग्न झालेली बाई २००६ पर्यंत अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, धरली जायची. नवऱ्याच्या संमतीशिवाय कर्ज नाही, करार नाही. त्या वर्षी कायदा बदलला. एम-पेसाचा हिशेब करणाऱ्या त्या बाईच्या आईला हे स्वातंत्र्य कागदावरसुद्धा नव्हतं. पुरुषांवर राग काढण्याआधी हा कायदा आठवावा.

राहिली आपल्या लोकांची दुकानं. बुथा-बुथेत भारतीय वंशाचे व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि तिथली जुनी मशीद ज्या सूफी साहेबांमुळे उभी राहिली ते मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. डोंगरातल्या त्या गावात कोकणाचा हा धागा सापडला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. पण त्या व्यापाऱ्यांचा दाखला देऊन बासोथोंना कमी लेखता येणार नाही. नदीपलीकडच्या फ्री स्टेटने १८९१ च्या कायद्याने भारतीयांना वस्ती, व्यापार आणि जमीन बंद केली होती, आणि ती वस्तीबंदी थेट १९८६ पर्यंत टिकली. आपल्या माणसांनी बुथा-बुथेत जम बसवला त्यात कष्ट होतेच, पण बासोथोंच्या देशाने त्यांना राहू दिलं हेही होतं. पलीकडच्या गोऱ्यांनी तेव्हा भारतीयांबद्दल जे लिहून ठेवलंय ते वाचलंत तर तुमच्या प्रतिक्रियेतली काही वाक्यं तिथे भेटतील. हे कठोर वाटेल, पण मला तसंच म्हणायचं आहे.

धबधबे आणि लेत्सेंगची हिऱ्याची खाण सोडून बाजारावर का लिहिलं, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. लेत्सेंगचा रस्ता याच स्टँडवरून वर जातो. २०१८ मध्ये तिथे ९१० कॅरटचा हिरा निघाला, त्याच्या बातम्या जगभर झाल्या. खालच्या बाजारात पिठाच्या गोणीचा भाव त्याने हलला नाही.

पुन्हा त्या बाजूला जाणं झालं तर एवढं करा. महिनाअखेरीला जा. कारखान्यांचे पगार झालेले असतात, पलीकडून पैसे आलेले असतात, गाव फुललेलं असतं. जमलं तर पेन्शन वाटपाचा दिवसही गाठा. सत्तरी ओलांडलेल्यांना २००४ पासून सरकार दरमहा पेन्शन देतं आणि त्या दिवशी घोड्यावरून आलेली म्हातारी माणसं बाजारात नातवंडांसाठी बूट घेताना दिसतात. गाडी स्टँडबाहेर लावा, चालत आत जा. पुरुषांना 'न्ताते' आणि बायकांना 'म्मे' म्हणून आधी नमस्कार करा, मगच भाव विचारा. आणि ब्लँकेटवाल्या एखाद्या न्तातेला कुठल्या खाणीत होतात, एवढंच विचारा. सांगायला त्याच्याकडे पुष्कळ असतं.