पगार इथला, तर किराणाही इथलाच घेऊ

मराठवाड्यात महिन्याच्या महिन्याला ठरलेला पैसा हातात पडणारी माणसं थोडीच आहेत. शिक्षक, तलाठी, नर्स, बँकवाले, एसटीचे वाहक, पेन्शनर. शेतकऱ्याकडे पैसा येतो तो सोयाबीन मोंढ्यावर, म्हणजे धान्यबाजारात, गेल्यावर नाहीतर कापूस विकल्यावर, बाकी वर्ष उधारीवर निघतं. त्यामुळे घाणेवाला, विणकर, पापड-कुरडया करणारा बचत गट यांना बारमाही गिऱ्हाईक मिळणार असेल तर ते आपण नोकरदारच आहोत. आणि नेमका आपलाच पैसा सगळ्यात आधी जिल्ह्याबाहेर जातो. पगार जमा झाला की रात्रीच मोबाईलवरून ऑर्डर सुटतात. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. हे मला फार दिवस खुपत होतं, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

रोज लागणाऱ्या तेलाचंच बघा. परभणीकडे रब्बीच्या ज्वारीत करडईचे पाटे, म्हणजे मधल्या ओळी, असायच्याच. काटेरी पीक, त्यामुळे जनावर आत शिरत नाही, आणि काळ्या रानातल्या ओलीवर ते निभावून नेतं. आपल्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’सारखं वाण दिलं. तरीही करडई हटत गेली. काट्यांमुळे काढणीला मजूर मिळेनात, भावाची खात्री नाही, आणि घराघरांत रिफाइंडचं पाकीट आलं. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं, पामतेल तर मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियातून. ज्या शिवारात करडई पिकत होती, त्याच शिवारातल्या घरात आता हे तेल फोडणीला पडतं.

अलीकडे आपल्या गावांत लाकडी घाणे पुन्हा दिसू लागलेत. घाण्याचं तेल महाग आहे, हे कबूल. मोठ्या कारखान्यात रसायन वापरून पेंडीत उरलेलं तेलही काढून घेतात. घाण्यात ते पेंडीतच राहतं, म्हणून उतारा कमी पडतो. पण ती पेंड गावातल्याच म्हशीला जाते. करडई जवळच्या शेतकऱ्याची असते, घाण्यावर गावातल्याच पोरांना काम मिळतं. आपण जे दोन पैसे जास्त मोजतो, ते असे चार घरांत फिरतात. ज्याचं घर रोजच्या हजेरीवर चालतं, त्याला मी हे कधीच सांगणार नाही. त्याने स्वस्त मिळेल तेच घ्यावं. महागाई भत्ता आपल्याला मिळतो, तेव्हा हा भार आपण उचलायचा.

आता उदगीर-नांदेडचं सांगते, कारण हे आपल्याच लोकांना माहीत नसतं. राष्ट्रध्वजासाठी लागणारी खादी उदगीरला विणली जाते आणि नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत तिचे ध्वज तयार होतात. डिसेंबर 2021 मध्ये ध्वजसंहिता बदलली, यंत्रावरचे आणि पॉलिस्टरचे झेंडेही चालू लागले. हातानं सूत कातणाऱ्या, विणणाऱ्या माणसाने त्या भावाशी स्पर्धा करायची तरी कशी? शाळा, ग्रामपंचायत, सोसायटी यांना झेंडा घ्यावाच लागतो. तो नांदेडहून मागवा. 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाला आपण जो झेंडा फडकवतो, तो तरी मराठवाड्यातल्या हातांनी विणलेला असावा, असं मला फार वाटतं.

लग्नाच्या बस्त्यात पैठणी घेणार असाल तर पैठणला जाऊन मागावर बघून घ्या. पदर उलटा करून पाहा. हातमागाच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, मागे मोकळे धागे लोंबत नाहीत. दुकानात पैठणी म्हणून विकलं जाणारं बरंच काही यंत्रावरचं असतं.

2024 मध्ये बोरसुरीची तूर, कास्तीची कोथिंबीर, पानचिंचोलीची चिंच, जालन्याची दगडी ज्वारी, वसमतची हळद, कुंथलगिरीचा खवा यांना भौगोलिक मानांकन मिळालं. पेपरात फोटो आले, छान वाटलं. पण मानांकनाने नाव जपलं जातं, माल आपोआप खपत नाही. पाच लिटरच्या आसपास दूध आटवावं तेव्हा किलोभर खवा हाती येतो. कुंथलगिरी ज्या भूम तालुक्यात आहे, तिथल्या भट्टीवर तासन् तास उभं राहून घोटणाऱ्या माणसाच्या मेहनतीशी आपण पंचवीस रुपयांवरून घासाघीस करतो, आणि मॉलमध्ये छापील किमतीला मुकाट पैसे देतो. ही सवय मोडायला हवी.

मात्र ‘इथलं आहे म्हणून चालवून घ्या’ हेही मला मान्य नाही. वजन पुरतं हवं, पाकिटावर तारीख हवी, परवान्याचा नंबर हवा. येसर मसाला गेल्या वेळी खमंग होता तर या वेळीही तसाच हवा. बचत गटातल्या तायांना मी हे तोंडावर सांगते, आणि त्या मनावर घेतात.

आमच्या शाळेतल्या काही जणांनी मिळून गावातल्या घाणेवाल्याशी बोलून ठेवलंय. घरचं तेल वर्षभर त्याच्याकडूनच, पैसे रोख. त्या भरवशावर तो ओळखीच्या शेतकऱ्यांना या रब्बीत करडई पेरायला सांगतोय. तुमच्या ऑफिसात असं काही जमवायचं असेल तर लगेच बोला. सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत करडईची पेरणी उरकते, दिवाळीनंतर विचारून उपयोग नाही.